कुलपाला वाचून दाखवलेलं पत्रक

ज्यांच्या हातात नुकतंच ते छोटं खोकं पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आठवड्यातून दोन गोळ्या, जेवणानंतर. खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद घडी करून ठेवलेला असतो. तो तुम्ही वाचणार नाही. मीही वाचला नव्हता. पत्रकं लिहिणं आणि लोकांना ती वाचायला लावणं हे माझं काम, आणि माझ्याच गोळीचं पत्रक मी न वाचता कचऱ्याच्या डब्यात टाकलं. गोळीचं नाव इथे देत नाही, कारण आपल्याकडे लोक मेडिकलवाल्याला नाव सांगून काहीही आणतात.

मला कॅन्सर नव्हता. मी मरणार नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे कोणी रुमाल काढून बसणार नाही.

दूध

मी एकोणतीस वर्षांची होते. चार महिने पाळी आली नव्हती. डोकं भुवयांच्या मागे, आतून दुखायचं. दोन्ही गोष्टी मी दगदगीवर ढकलल्या होत्या. आमची लालबागची चाळ बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून भाडेकरूंची संघटना लढत होती आणि तिची पत्रकं मी लिहायचे. मग जानेवारीत चाळीच्या पटांगणात सभा चालू असताना, माझ्या हातात माईक असताना, कुर्ता समोरून ओला झाला. घाम नव्हता. दूध होतं.

ओढणी पुढे घेतली आणि भाषण पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी आईबरोबर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले.

"लग्न झालंय?" त्यांनी विचारलं. मला नाही, आईला. हा माणूस मी पाचवीत असल्यापासून मला तपासतोय.

"नाही झालं," मी म्हटलं.

"आधी एक लघवीची तपासणी करून घेऊ."

कसली तपासणी ते त्यांनी सांगितलं नाही. आईला कळलं, मलाही कळलं. जिन्यात आई थांबली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, त्यामुळे आमच्यात आडपडदा नसतो. तरी तिनं तोंड भिंतीकडे करून विचारलं, "मनू, खरं सांग. मी काही बोलणार नाही."

तिला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. तपासणीत काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी "बरं" म्हणून दुसरी चिठ्ठी लिहिली, या वेळी रक्ताची. चुकलो असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत, आजही म्हणालेले नाहीत. बिनलग्नाच्या बाईला दूध आलं तर त्याला वैद्यकीय कारण असू शकतं, एवढं कळण्यासाठी पदवीच्या वर आणखी काय लागतं, हा माझा प्रश्न आजही उभा आहे.

रक्तात एक संप्रेरक असायला हवं त्याच्या कितीतरी पट वाढलेलं निघालं. मग डोक्याचा एमआरआय. मग परळचं मोठं रुग्णालय.

चण्याएवढी

तिथल्या डॉक्टर मॅडम कमी बोलायच्या. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि पेनचं टोक एका पांढुरक्या ठिपक्यावर ठेवलं. "मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते. त्या ग्रंथीवर ही गाठ. साधारण चण्याएवढी. कॅन्सर नाही. पण वर डोळ्यांच्या नसा आहेत. ही जसजशी वाढते तसतशा त्या दाबल्या जातात आणि बाजूचं दिसेनासं होतं."

"ऑपरेशन?"

"आधी गोळी. बऱ्याच जणांची गोळीनंच आक्रसते. शरीरात डोपामाईन नावाचं एक द्रव्य असतं. तेच या दुधाच्या संप्रेरकाला आवरून धरतं. गोळी डोपामाईनचं सोंग घेते आणि गाठीला गप्प बसवते."

डोपामाईन हा शब्द मला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी मोबाईलच्या व्यसनावर मी एक पत्रक काढलं होतं, त्यात त्याला मी 'सुखाचं रसायन' म्हटलं होतं. आता तेच औषध म्हणून मिळणार. गंमत वाटली.

मॅडमनी त्रासांची यादी सांगितली. मळमळ, चक्कर, उठताना अंधारी. शेवटी त्याच सुरात म्हणाल्या, "आणि स्वभावात काही फरक वाटला, कसलाही अतिरेक, तर लगेच सांगायचं. घरच्यांनीही लक्ष ठेवायचं."

आई म्हणाली, "हिचा स्वभाव मुळातच अतिरेकी आहे, मॅडम. फरक कसा ओळखायचा?"

तिघी हसलो. पुढचे सात महिने या हसण्याची किंमत मोजण्यात गेले.

आईनं चाळीत सांगितलं, मनालीला थायरॉईड झालंय. बाईच्या ज्या आजाराचं नाव घ्यायला लाज वाटते त्या सगळ्यांना आपल्याकडे थायरॉईड म्हणतात. मी भांडले. मग सोडून दिलं. तेवढं एकच मी तेव्हा सोडून दिलं.

रांग

रुग्णालयाचं वेळापत्रक सगळ्यांना ठाऊक असतं, नवख्यांसाठी सांगते. सकाळी सातला केसपेपरची रांग. रक्त द्यायचं ते उपाशीपोटी, आणि त्याआधी अर्धा तास शांत बसून, कारण घाबरलात तर हे संप्रेरक आणखी चढतं. पन्नास माणसं खोकत असतात, एक बाळ कळवळून रडत असतं आणि भिंतीवर लिहिलेलं असतं, 'शांत बसा'.

डोळ्यांच्या विभागात एका अर्धगोल पांढऱ्या डब्यात हनुवटी ठेवून बसायचं. आत कुठेतरी बारीक उजेड लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. नाही दिसला तर तुम्हाला कळतही नाही, की काही दिसायचं राहून गेलं. पहिल्या वेळी माझे डाव्या बाजूचे बरेच दिवे हुकले होते. चाचणी चालू असताना मात्र मला वाटत होतं, की छान चाललंय.

एक उपकारही लिहून ठेवते. पहिल्या दिवशी रांगेत माझा कुर्ता पुन्हा ओला झाला. झाडू मारणाऱ्या मावशींनी पाहिलं. काही न विचारता कापसाची घडी आणून मुठीत दिली आणि म्हणाल्या, "आतून लाव. इथे कोणी कोणाचं बघत नाय." त्यांचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दोन महिन्यांत दूध थांबलं, डोकेदुखी गेली, पाळी आली. आकडे उतरले. डाव्या बाजूचे दिवे दिसू लागले. सगळे खूश होते. मी तर फारच.

दाराची रीत

आता संघटनेची एक रीत सांगावी लागेल. तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

आम्हाला पत्रक लिहायला शिकवलं भाऊंनी. भाऊ जुने कंपोझिटर, छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा एक नियम होता. पत्रकात ज्याच्याविरुद्ध नाव घेऊन लिहिलंय, त्याच्या दारात जाऊन ते आधी त्याला वाचून दाखवायचं. तोंडावर, सगळं. मगच छापायला द्यायचं.

"त्याला घाबरवायला?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं.

"तुला घाबरवायला," भाऊ म्हणाले होते.

खरंच होतं ते. दाराकडे जाताना पोटात गोळा यायचा. जिना चढता चढता मी एकेक वाक्य मनात तपासायचे: हे खरं आहे ना, हे सिद्ध करता येईल ना. दर दोन पत्रकांमागे एकात तरी मी जिन्यातच काहीतरी खोडलेलं असायचं. एकदा तर अर्ध्या जिन्यातून परत आले होते.

एप्रिलच्या सुमारास हा गोळा येईनासा झाला. मला वाटलं, अनुभव वाढला. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन मी त्याच्या मॅनेजरला पत्रक वाचून दाखवलं, तो शिव्या देत उठला, त्याच्या माणसानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी हसत बाहेर आले. दंडावर वळ होते, पण लागलं काहीच नव्हतं. पोलीस ठाण्यातून समज देणारी नोटीस आली, तिच्या पाठीवर मी पुढच्या पत्रकाचा मसुदा लिहिला. संघटनेतला नीलेश, जो मुळात सावध माणूस, तो म्हणाला, "मनाली, तू तर एकदम वाघीण झालीस यार." लोक टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या मला कडक लागत होत्या, चहासारख्या. मार मात्र लागत नव्हता.

याला मी धाडस म्हणत होते.

कुलूप

मेमध्ये बिल्डरनं संमती दिलेल्यांची यादी चाळीच्या फलकावर लावली. नीलेशला कुठूनतरी त्यामागच्या सह्यांच्या कागदाचा फोटो मिळाला, पहिल्या पानाचा. सगळ्यात वर सही होती तिसऱ्या मजल्यावरच्या तावडेकाकांची.

तावडेकाका सत्तरीचे. गिरणीत विणकाम खात्यात होते. साच्यांच्या खडखडाटानं दोन्ही कान जवळजवळ गेलेले. कणकवलीकडचे, अजून मालवणीच बोलतात. काकूंचे हात संधिवातानं वाकडे. मूलबाळ नाही. लहानपणी मला गणितं शिकवलेला माणूस हा.

मी पत्रक लिहिलं. मथळा: 'तिसऱ्या मजल्यावरचा दलाल कोण?' आणि खाली उत्तर, नावानिशी.

वाचून दाखवायला वर गेलो तर दाराला कुलूप. दोघंही गावी गेले होते, पावसाआधी घराची कौलं परतायला. महिनाभर येणार नव्हते.

"मग थांबू या," नीलेश म्हणाला.

"कशाला? तावडे घरी असते तरी काय ऐकू येणार होतं त्यांना?" मी म्हटलं. गॅलरीतली पोरं हसली. मीही हसले. मग मी कुलपासमोर उभी राहिले, घसा खाकरला आणि कुलपाला पत्रक वाचून दाखवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हातवारे करून. नीलेशनं व्हिडिओ काढला. तो दुपारपर्यंत सगळ्या लालबागच्या फोनवर होता.

भाऊंनी फोन केला. "दार उघडलं नाही म्हणजे वाचलं नाही."

"नियम पाळलाय भाऊ. दारात गेले, वाचलं."

"मने, तुला पोटात काही होत नाही काय गं?"

"होत नाही."

"डॉक्टरला सांग," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, टोमणा आहे.

पत्रक छापलं. घराघरात वाटलं.

आरती

तावडे परत आले ते जूनमध्ये. कोणी त्यांना काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, वगळतात. पाण्याच्या वेळी काकूंची बादली भरून वर पोचवणारं कोणी उरलं नाही. काका कट्ट्यावर येऊन बसले की कट्टा हळूहळू रिकामा व्हायचा. ते मला जिन्यात दोनदा भेटले. दुसऱ्यांदा थांबून म्हणाले, "काय गो मनू, माझ्याकडे इली असतंस तर?" आणि उत्तराची वाट बघत राहिले. मी म्हटलं, "आले होते. कुलूप होतं." आणि खाली उतरले. मला काहीही वाटलं नाही.

मग गणपती. चाळीत ज्यांच्या ज्यांच्या घरी गणपती, तिथे संध्याकाळी आरत्यांची फेरी जाते. टाळ, झांजा घेऊन पोरंबाळं, बायका, म्हातारे, सगळे एका घरातून दुसऱ्या घरात. तावडेंच्या गणपतीला फेरी ठरलेली, कारण काकूंच्या हातचे हळदीच्या पानातले गोड पातोळे.

पहिल्या दिवशी फेरी तिसऱ्या मजल्यावर गेली, एकेक दार करत आली आणि तावडेंचं दार सोडून पुढच्या दारात गेली. मी फेरीत होते. दार उघडं होतं. आत काका आरतीचं ताट धरून उभे, काकू शेजारी टाळी वाजवायला हात उचलून. त्यांनी आरती अजून सुरू केली नव्हती, आमच्यासाठी थांबले होते. आम्ही पुढे गेलो. मग त्या दोघांनीच म्हटली. काकांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचा सूर कुठल्या कुठे होता.

आई फेरीतून बाहेर पडली आणि घरी गेली. मी नंतर पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसली होती.

"तुला काहीच नाही वाटलं?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलत नव्हते. मी आत शोधलंही. जिथे काहीतरी असायला हवं होतं ती जागा मला दिसत होती, आणि ती गुळगुळीत होती.

"त्या कागदाचं दुसरं पान बघितलंस तू?" आईनं विचारलं. "त्यावर माझी सही आहे. सगळ्या मजल्यांच्या आहेत. पाण्याच्या नवीन पंपासाठी म्हणून कोरा कागद फिरवला होता गेल्या वर्षी. तावडेभावजींनी पहिली केली, कारण ते मजल्याचे प्रतिनिधी. यादीत आमची नावं नाहीत, कारण त्या सह्या संमती म्हणून दाखवायला बिल्डरला पहिलंच पान पुरलं असेल."

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मनू, मला तुझी भीती वाटते हल्ली."

हे वाक्य मला लागलं, असं लिहायला आवडलं असतं. लागलं नाही. पण ते लागायला हवं होतं, एवढं कळलं. डोळ्यांच्या त्या डब्यासारखं: दिवा दिसला नव्हता, पण यंत्राच्या कागदावर काळा डाग उमटला होता. आई तो कागद होती.

खड्डा

त्याच आठवड्यात परळला गेलो. मी मॅडमना सरळ सांगितलं, "मला काही लागत नाही."

"म्हणजे? उदाहरण द्या."

दंड, नोटीस, कुलूप, आरती, सगळं सांगितलं. जिथे मी गाळलं तिथे आईनं भरलं. मॅडमनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

"डोपामाईन म्हणजे काय वाटतं तुम्हाला?"

"सुखाचं रसायन. मी पत्रक काढलंय त्यावर."

"मागे घ्या ते पत्रक." मग त्यांनी टेबलावर बोटानं एक रेघ ओढली. "मेंदू सतत अंदाज बांधत असतो. अंदाजापेक्षा बरं घडलं की डोपामाईन वर उसळतं. वाईट घडलं, ओरडा बसला, कोणी तोंड फिरवलं, की ते क्षणभर खाली जातं. हा छोटा खड्डा." त्यांनी बोट खाली घसरवलं. "शिक्षेतून शिकायला हा खड्डा लागतो. इथे पाय घातला होता, पुन्हा घालू नकोस. तुमची गोळी दिवसरात्र सारखीच असते. ती खड्डा बुजवू शकते. मग टाळ्या तेवढ्या कळतात, थप्पड कळत नाही."

"मुंबईत पहिल्यांदाच कोणीतरी खड्डे वेळेवर बुजवलेत," मी म्हटलं.

मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्यांना होत नाही हे. पण होतं. आणि एक सांगते, सगळं गोळीवर ढकलू नका. पत्रक गोळीनं लिहिलेलं नाही."

मी गोळी त्याच दिवशी बंद करायला तयार होते. त्यांनी साफ नकार दिला. एकदम बंद केली तर गाठ पुन्हा वाढू शकते, डोळे जाऊ शकतात. दुसरं कारण मला नवीन होतं. "शिक्षा टाळण्यासाठी उठून काहीतरी करावं लागतं, तेही याच द्रव्याच्या जोरावर. फारच उतरलं तर माणसाला संकट समोर दिसत असतं आणि तो नुसता बसून राहतो." म्हणून अर्धी गोळी, हळूहळू, दर महिन्याला रक्त, दर तीन महिन्यांनी डोळे. गाठ वाढली तर नाकावाटे ऑपरेशन.

"तुम्हाला काय हवंय ते ठरवा," त्या म्हणाल्या. "पूर्ण गोळीवर गाठ लवकर जाईल."

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. मी अर्धी म्हटलं.

टाळाटाळ

भीती परत येते तेव्हा वाजतगाजत येत नाही. ऑक्टोबरात एका सकाळी दात घासताना मला तावडेकाकूंचे वर उचललेले हात दिसले आणि मी मोरीतच खाली बसले. मग सगळं थकबाकीसारखं एकदम आलं. जिन्यातलं "माझ्याकडे इली असतंस तर". गॅलरीतलं माझं हसणं. तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला, एकदाच. एक बाई कुलपाला ओरडून सांगत होती आणि तिचा आवाज अगदी स्वच्छ होता.

आता मला माफी मागायची होती, आणि आता पाय उचलत नव्हते. सहा आठवडे मी तिसऱ्या मजल्यावर गेले नाही. काका जिन्यात दिसले की मी पटांगणातून वळसा घालायचे. संघटनेच्या बैठकी चुकवल्या. अंथरुणात पडून छताकडे बघायचे. आई जेवणाचं ताट उशाशी ठेवायची. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, गोळी उतरवताना असं होतं, काही आठवडे लागतील. वाढलं तर त्याच दिवशी या, आमच्या मनोविकार विभागात दाखवू. त्या विभागातही जाऊन आले. तिथे जायला लाजू नका.

भाऊ घरी आले एकदा, काठी टेकत, जिना चढून. पलंगाच्या कडेला बसले.

"आता होतं का पोटात?"

"होतं. फार होतं."

"बरं झालं," म्हणाले. "आता लिही."

"आधी मी घाबरत नव्हते तेव्हा लोकांना आवडायचे, भाऊ. आता कोण ऐकेल?"

"लोकांचं तू नको बघू. एकच माणूस ऐकणार आहे, तो पण बहिरा." आणि स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसले.

मी लिहिलं. पाऊण पान. पंपाचा कोरा कागद, दुसरं पान, सगळ्या मजल्यांच्या सह्या, माझ्या आईचीसुद्धा. पत्रकात लिहिलेलं खोटं होतं, ते मी लिहिलं, आणि नियम मोडून छापलं. गोळीबद्दल एक ओळ घातली होती, ती खोडली. काकांना माझ्या गोळीशी काय करायचंय?

तिसरा मजला

रीतीप्रमाणे ते छापण्याआधी ज्याचं नाव आहे त्याला वाचून दाखवायचं. बुधवारी दुपारी वर गेले. बत्तीस पायऱ्या आहेत. अठराव्या पायरीवर पोटात गोळा आला आणि मी थांबून कागद वाचला. 'गैरसमजातून' असा एक शब्द होता. पेन काढून तो खोडला. गैरसमज नव्हता, मी विचारलं नव्हतं.

दार काकांनी उघडलं. आत ये म्हणाले नाहीत. उंबऱ्याच्या आत ते, बाहेर मी.

मी वाचायला लागले. आवाज फुटेना.

काकांनी कानामागे हात धरला. "माका ऐकाक येणा नाय. मोठ्यान वाच."

मोठ्यानं वाचणं म्हणजे गॅलरीला ऐकू जाणं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेजारचं दार उघडलं. त्याच्या पलीकडचंही. मधेच माझा आवाज फाटला, तरी पुढे वाचलं. 'दलाल' या शब्दाशी आले तेव्हा काकांनी डोळे मिटले. संपलं तेव्हा गॅलरीत आठ-दहा माणसं उभी होती.

काका म्हणाले, "कुलपाक वाचलंस तेव्हा आवाज बरो लागलो होतो तुझो."

मला ते लागलं. बरोबर जिथे लागायला हवं तिथे.

"छापू?" मी विचारलं.

"माका काय इचारतंस? ही भायर गेली हा, भाजयेक." ते काकूंबद्दल बोलत होते. "बादली तिची बंद झाली, माझी नाय. उद्या ये. तिका वाचून दाखय. ती हो म्हणाली तर छाप."

आणि दार लावून घेतलं.

गाठीचं विचाराल तर ती आहे. पूर्वीपेक्षा लहान झाली, आणि आता तिथेच अडून बसली आहे. डोळ्यांच्या डब्यातले दिवे सगळे दिसतात. वाढली तर ऑपरेशन, आणि त्याचीही मला भीती वाटते. तुम्ही ही गोळी घेत असाल तर मनानं कमी करू नका, मनानं बंद करू नका. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, की मला लागेनासं झालं तर तू सांग. आणि त्या माणसाला तुमची भीती वाटू लागली असेल, तर ते आधी विचारा.

दुसरा दिवस गुरुवार होता, गोळीचा वार. न्याहारी झाल्यावर आईनं अर्धी गोळी आणि पाण्याचा पेला समोर ठेवला. काही तास उशीर झाला तरी फरक पडत नाही, हे मला मॅडमनी सांगितलेलं आहे. तिचा अंमल कित्येक दिवस राहतो. तरी मी गोळी तशीच ठेवली. "आल्यावर घेते," म्हटलं.

आईनं पायात चप्पल घातली आणि माझ्या मागून निघाली. तिच्या हातात रिकामी बादली होती.

बत्तीस पायऱ्या. कडी वाजवली. या वेळी दार काकूंनी उघडलं.